अठरा मीटरची पायवाट नकाशावर आणताना

आमच्या ले-आऊटमधून (प्लॉट पाडून झालेल्या वसाहतीतून) जिल्हा परिषदेच्या शाळेकडे जाणारी पायवाट अखेर मंजूर नकाशावर आली. हे काम कसं होतं, अर्ज कुणाकडे द्यायचा, सोबत काय काय लावायचं, हे सांगणारं मराठीत एका जागी काहीच सापडलं नव्हतं. जे कळलं ते विचारत विचारत कळलं. म्हणून सगळं क्रमानं लिहिते आहे. ज्यांच्याकडे अशीच अडचण आहे, त्यांना निदान सुरुवात कुठून करायची ते समजेल.

आधी जागा कशी आहे ते सांगते. गाव वर्धा-यवतमाळ पट्ट्यातलं. ले-आऊट साडेपाच एकरांचा, 2014 साली मंजूर झालेला. 62 प्लॉट, त्यातल्या 46 वर घरं. पुढून राज्यमार्ग जातो, मागून पांदण, म्हणजे वावरांमधून जाणारा जुना कच्चा रस्ता. पांदणीला लागूनच शाळा, आंगणवाडी आणि आरोग्य उपकेंद्र. ले-आऊटचा आतला रस्ता उत्तरेकडे जातो आणि प्लॉट 31 व 32 पाशी संपतो. या दोन प्लॉटांच्या मागच्या हद्दीला लगेच पांदण लागते. म्हणजे मध्ये आहे ती फक्त प्लॉटची खोली, 18 मीटर. पण तिथून जायला नकाशावर वाटच नव्हती. त्यामुळे पोरांना राज्यमार्गावर येऊन, पूर्ण वळसा घालून सव्वा किलोमीटर चालावं लागायचं.

प्लॉट मोकळे होते तोवर लोक मधूनच जायचे. 2022 मध्ये 31 नंबरला तारेचं कुंपण झालं आणि ती वाट बंद झाली. कुंपण घालणाऱ्याला दोष देता येत नाही, जागा त्यांची होती. त्याच वर्षी कापसाच्या हंगामात, राज्यमार्गावर गाड्यांची रांग असताना, शाळेतून घरी येणाऱ्या एका मुलीला दुचाकीचा धक्का लागला. हात मोडला. जिवावरचं हातावर निभावलं. माझी मुलगी तेव्हा तिसरीत होती, त्याच रस्त्यानं जायची. त्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या बाया माझ्या घरी बसल्या आणि ठरवलं की आता तोंडी बोलणं पुरे, कागदावर मागायचं.

पहिला कागद म्हणजे ग्रामसभेचा ठराव. 26 जानेवारी 2023 च्या ग्रामसभेत विषय मांडायचा म्हणून आधीच लेखी अर्ज दिला. त्या दिवशी गणपूर्ती झाली नाही. एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली जी संख्या कमी असेल तेवढी माणसं हजर लागतात. सभा तहकूब झाली तेव्हा आमच्यातल्या काहीजणी निराश झाल्या, पण तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ती सभा झाली आणि ठराव मंजूर झाला. ठरावाची प्रत घेताना त्यात प्लॉट क्रमांक, गट क्रमांक आणि ‘पादचाऱ्यांसाठी’ हा शब्द आहे का, हे वाचून घ्या. नुसतं ‘रस्ता व्हावा’ असं लिहिलेल्या ठरावाचा पुढे फारसा उपयोग होत नाही.

मग मंजूर ले-आऊटचा नकाशा. ज्यांनी प्लॉट पाडले त्यांच्याकडे जी प्रत होती तिच्यावर शिक्का दिसत नव्हता. म्हणून माहितीच्या अधिकारात अर्ज केला. अर्जाला 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट, उत्तराची मुदत 30 दिवस. मध्येच 14 ते 20 मार्च राज्यातल्या सरकारी कर्मचाऱ्यांचा जुन्या पेन्शनसाठी संप झाला, तरी महिनाअखेर नकाशा, अकृषिक आदेश (शेतजमीन घरांसाठी वापरायच्या परवानगीचा) आणि अटींची यादी हातात आली. अटींची यादी नक्की मागा. आमच्या आदेशात आतले रस्ते आणि खुली जागा ग्रामपंचायतीकडे सोपवण्याची अट होती. पुढे पायवाट कुणाच्या नावावर जाणार या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळालं.

नकाशा हाती आल्यावर सगळ्यांच्या मनात एकच आलं: 32 नंबरच्या बाजूलाच खुली जागा आहे, तिच्यातून पट्टी घ्या. मी तालुक्याच्या गावातल्या एका परवानाधारक अभियंत्याकडे गेले. वयानं माझ्यापेक्षा लहान मुलगा, पण नियम त्याला पाठ होते. त्यानं स्केल लावून दोन मिनिटांत सांगितलं, “ताई, हे जमणार नाही. खुली जागा 10 टक्के सोडावीच लागते, अन् तुमची बरोब्बर तेवढीच हाये. त्यातून हातभर काढली तरी फाईल वापस येईल.”

मग त्यानं आतल्या रस्त्याचा नियम समजावला. 2 डिसेंबर 2020 ला शासनानं मंजूर केलेली एकीकृत विकास नियंत्रण नियमावली आमच्यासारख्या प्रादेशिक योजनेतल्या गावांनाही लागू आहे. तिच्याप्रमाणे निवासी ले-आऊटमधला छोटा रस्तासुद्धा 9 मीटर रुंद हवा. 31 आणि 32 नंबरचे प्लॉट 12 मीटर रुंदीचे. 9 मीटर काढायचे तर एक प्लॉट जवळजवळ संपतोच. तो कोण देणार?

पण त्याच नियमावलीत विवेकाधिकाराचा एक नियम आहे. एखाद्या प्रकरणात खरी अडचण दाखवून दिली, तर ठरवून दिलेल्या मापांत प्राधिकरण विशेष परवानगीनं बदल करू शकतं. मात्र त्याची कारणं लेखी नोंदवावी लागतात. चटई क्षेत्राला, म्हणजे प्लॉटवर एकूण किती बांधकाम करता येतं त्या मर्यादेला, ही सवलत नाही आणि लोकांच्या आरोग्याला, आगीपासूनच्या किंवा इमारतीच्या सुरक्षिततेला बाधा येता कामा नये. आम्ही मागायचं ठरवलं ते एवढंच: 9 मीटरच्या रस्त्याऐवजी 3 मीटरची पायवाट, फक्त पायी चालणाऱ्यांसाठी. दोन्ही प्लॉटांतून दीड-दीड मीटर.

3 मीटर हा आकडा हवेतून काढला नव्हता. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शक सूचनांत (क्रमांक 103) निवासी भागात फूटपाथची मोकळी रुंदी किमान 1.8 मीटर सांगितली आहे. एका बाजूला नाली आणि दुसऱ्या बाजूला दिव्याचा खांब धरला, तरी 3 मीटरमध्ये ती सहज बसते. दुसरा आधार मला भूमी अभिलेख कार्यालयात गाव नकाशा काढायला गेले तेव्हा मिळाला. तिथले एक जुने कर्मचारी नकाशावर बोट ठेवून समजावत होते. दोन तुटक रेषांनी दाखवलेला तो गाडीमार्ग, साडेसोळा ते एकवीस फुटांचा. एकाच तुटक रेषेचा तो पायमार्ग, त्याची रुंदी सव्वाआठ फूट. मी तिथेच उभी राहून हिशोब केला. सव्वाआठ फूट म्हणजे जेमतेम अडीच मीटर. पायी जाणाऱ्या माणसाच्या वाटेची वेगळी मोजदाद महसुलाच्या नकाशात पूर्वीपासूनच होती, आणि आम्ही तर त्याहून जास्त रुंदी मागत होतो. अर्जात हा परिच्छेद मी स्वतः घातला.

आता अडचण दाखवून द्यायची म्हणजे काय? ‘आम्हाला फार त्रास होतो’ असं लिहून चालत नाही. रस्त्यावरच्या गाड्या मोजायला सरकारी यंत्रणा असते. गावातली पायी चालणारी माणसं मोजायला कुणी येत नाही, तो पुरावा आपणच गोळा करावा लागतो. एप्रिलच्या सुरुवातीला, शाळा चालू असताना, आम्ही राज्यमार्गाच्या वळणावर कडुनिंबाखाली वही घेऊन बसलो. सकाळ-संध्याकाळ शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळा धरल्या. रकाने असे पाडले: शाळेची मुलं, म्हातारी माणसं, कडेवर लेकरू असलेल्या बाया, काठी किंवा कुबडी घेतलेले, इतर. प्रत्येक माणसामागे एक उभी रेघ, पाचवी आडवी. एका साध्या दिवशी 131 माणसं पायी गेली, त्यांत 58 मुलं. उपकेंद्रात लसीकरण होतं त्या दिवशी लेकरू घेतलेल्या बायांचा रकाना भरून खाली नवीन ओळ घालावी लागली. त्याच वहीची झेरॉक्स अर्जाला जोडली, टाइप करून घेतली नाही. हाताच्या रेघा बघून साहेबांचा विश्वास बसतो, असं अभियंत्यानं सांगितलं आणि ते खरं ठरलं.

सगळ्यात जड गेलं ते प्लॉटधारकांची संमती मिळवणं. 32 नंबरच्या मावशींचा नातू त्याच शाळेत. त्या लगेच म्हणाल्या, “घेऊन टाका बाई, दीड मीटरनं मी काही गरीब होऊन नाही राह्यली.” 31 नंबरचे काका नोकरीनिमित्त पुण्याला असतात. त्यांना फोनवर समजावणं कठीण होतं, आणि त्यांची शंका रास्त होती. बाजूला रस्ता आला की त्या बाजूनं बांधकामापासून सोडायचं अंतर वाढतं. आधीच जागा कमी झाली, त्यात घरही लहान करावं लागलं तर? म्हणून अर्जात दुसरी विनंती घातली, की पायवाटेच्या बाजूचं अंतर रस्त्याप्रमाणे न धरता शेजारच्या प्लॉटप्रमाणेच धरावं. हे लेखी दाखवल्यावर काका तयार झाले. ते मे महिन्यात लग्नाला आले, तेव्हा शंभराच्या मुद्रांकावर दोघांचं संमतीपत्र नोटरी केलं. (ऑक्टोबर 2024 पासून शंभर-दोनशेच्या जागी पाचशेचा मुद्रांक लागतो, तेवढं धरून चला.) कुणाची जागा मागायला जाताना त्याचं काय नुकसान होतं ते आपण आधी शोधून न्यावं, असं मला मनापासून वाटतं. वर्गणीतून पैसे देऊ केल्यापेक्षा त्याचाच जास्त उपयोग झाला.

जमीन मोजणीचा अर्ज एप्रिलमध्येच भरला होता, तातडीचा. तेव्हा साधी, तातडी, अतितातडी असे प्रकार होते. 2024 च्या शेवटापासून नियमित आणि द्रुतगती असे दोनच राहिले आहेत आणि फीसुद्धा बदलली आहे. भूकरमापक जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आले. पाऊस लांबला होता, जमीन तडकलेली, त्यामुळे जुने हद्दीचे दगड दिसत होते. एक दगड मात्र सापडेना. शेजारच्या वावराचे कास्तकार धुऱ्यावर उभे राहून बघत होते. त्यांनी बेशरमाच्या झुडपाखाली सब्बल मारून बघायला सांगितलं आणि दगड तिथेच निघाला. मोजणीच्या दिवशी लगतच्या सगळ्यांना हजर ठेवा. नोटीस जाते, तरी आदल्या संध्याकाळी घरी जाऊन सांगा.

जुलैमध्ये फाईल तयार झाली: अर्ज, ठराव, सातबारा, अकृषिक आदेश, मंजूर नकाशा, ‘क’ प्रत (जमीन मोजणीचा नकाशा), अभियंत्याचा सुधारित नकाशा, संमतीपत्रं, वहीची झेरॉक्स, शाळेच्या मुख्याध्यापकांचं पत्र, फोटो. शिरस्त्याप्रमाणे अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे करायचा आणि अभिप्राय नगर रचनेच्या सहायक संचालकांचा घ्यायचा. आवक शिक्का आणि क्रमांक आपल्या प्रतीवर घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. पुढचं सगळं बोलणं त्या क्रमांकावरच चालतं.

त्यानंतर 22 जुलैची अतिवृष्टी झाली. आमच्या भागात वावरंच्या वावरं खरडून गेली आणि महसूलचे सगळे लोक पंचनाम्यांत अडकले. त्या दिवसांत पायवाटेबद्दल विचारायला जाणं मनाला पटत नव्हतं, म्हणून गेलो नाही.

मौका पाहणी पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात झाली. नगर रचनेचे अधिकारी जीपनं राज्यमार्गावर उतरले आणि नकाशा बघू लागले. मी त्यांना विनंती केली की आधी शाळेपर्यंत पायी चालून बघू. ते लगेच तयार झाले. आम्ही वळसा घालून निघालो. रस्त्याच्या कडेला काळी माती, ट्रकच्या चाकांनी झालेल्या घळी, त्यांत पाणी. ट्रक आला की आम्हाला थांबून नालीच्या काठावर उभं राहावं लागायचं. त्यांच्या बुटाला किलोभर चिखल लागला. शाळेच्या फाटकापाशी पोचल्यावर त्यांनी मागे वळून आमच्या ले-आऊटमधली घरं पाहिली. तिथून माझ्या घराच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे दिसत होते. ते म्हणाले, “मॅडम, एवढं जवळ आहे?” आणि तिथेच उभं राहून त्यांनी टिपणात दोन ओळी लिहिल्या. तुमच्याकडे पाहणीला कुणी आलं, तर त्यांना चालवा. पावसाळ्यात आले तर उत्तमच.

ऑक्टोबरमध्ये त्रुटीपत्र आलं. ते पत्र बघून पोटात गोळा आला होता, पण त्यात नकार नव्हता, मागण्या होत्या: जाहीर सूचना द्या, पांदणीची नोंद असलेला गाव नकाशा जोडा, पावसाचं पाणी कुठे जाणार ते दाखवा. त्रुटीपत्र म्हणजे फाईल कुणीतरी पूर्ण वाचली आहे, असं समजावं. पाण्याचा मुद्दा आमच्या लक्षात नव्हता. काळ्या जमिनीत वाट थोडी जरी खोल राहिली, तरी चार महिने पाणी साचतं. अभियंत्यानं पायवाट दोन्ही प्लॉटांपेक्षा थोडी उंच दाखवून एका कडेला झाकलेली नाली काढली.

जाहीर सूचना स्थानिक दैनिकात दिली. एक हरकत आली, तीही आमच्याच ले-आऊटमधून. शेवटच्या ओळीतल्या एका कुटुंबाचं म्हणणं होतं की या वाटेनं मोटारसायकली सुसाट जातील आणि रात्री कुणीही आत येईल. डिसेंबरात नागपूरचं अधिवेशन, अधिकारी तिकडे, म्हणून सुनावणी जानेवारी 2024 मध्ये लागली. सुनावणीच्या आधी आम्ही त्यांच्या घरी गेलो. चहा झाला, नकाशा पसरला. त्यांची सूचना घेऊन दोन्ही टोकांना लोखंडी खांब दाखवले. मधलं अंतर असं ठेवलं की व्हीलचेअर जाईल. मोटारसायकल पूर्णपणे अडत नाही, पण खांबाशी वेग मोडतो. सुनावणीत त्यांनी स्वतःच सांगितलं की खांब होत असतील तर हरकत नाही. मी बोलायला उभी राहिले तेव्हा घसा कोरडा पडला होता. वही दाखवली, आकडे वाचले, बसले. दहा मिनिटांत संपलं.

मग लांब शांतता. 16 मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली, 26 एप्रिलला आमच्याकडे मतदान, जूनपर्यंत कुणी टेबलावर सापडेना. या काळात एका कार्यालयात मला सांगितलं गेलं की फाईल आमच्याकडे आलेलीच नाही. जावक क्रमांक दाखवल्यावर ती दुसऱ्या कपाटात निघाली. म्हणून म्हणते, प्रत्येक पत्राचा आवक-जावक क्रमांक एका कागदावर लिहून तो कायम पर्समध्ये ठेवा. पाऊस सुरू झाला, पोरं पुन्हा राज्यमार्गानं जाऊ लागली. तो पावसाळा फार जड गेला. विधानसभेची आचारसंहिता लागायच्या आत आदेश नाही निघाला तर पुन्हा वर्ष जाईल, ही धाकधूक होती.

आदेश 9 ऑक्टोबर 2024 ला निघाला. आचारसंहिता 15 तारखेला लागली. आदेशात दोन्ही सवलती दिल्या होत्या आणि कारणं नोंदवली होती: राज्यमार्गावरून होणारी ये-जा, मुलांची संख्या, 9 मीटरला जागा नसणं, दोन्ही प्लॉटधारकांची संमती. अटीही होत्या. पायवाटेवर फाटक लावायचं नाही, वाहन न्यायचं नाही, आणि ही वाट पोहोच रस्ता म्हणून दाखवून कुणाला बांधकाम परवानगी मागता येणार नाही. ही शेवटची अट आम्हाला फार मोलाची वाटते, कारण उद्या कुणी मागच्या वावरात प्लॉट पाडून आमच्या वाटेवर हक्क सांगू शकत नाही.

आदेशानंतरही काम उरतं, हे लक्षात असू द्या. दीड-दीड मीटरची पट्टी बक्षीसपत्रानं ग्रामपंचायतीला दिली, दुय्यम निबंधकांकडे नोंदवली, मग फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावर नाव बदलण्याची नोंद. नोंद प्रमाणित झाल्याशिवाय ग्रामपंचायतीला तिथे पैसा खर्च करता येत नव्हता. 15 व्या वित्त आयोगाच्या निधीतून फेब्रुवारी 2025 मध्ये गट्टू (पेव्हर ब्लॉक) बसले, नाली झाली, खांब लागले.

खर्चाचं विचारतात म्हणून सांगते. अभियंत्याची फी 12,000 रुपये, मोजणी, वर्तमानपत्रातली सूचना, नोटरी, छाननी शुल्क, बक्षीसपत्राची नोंदणी, प्रती आणि येणं-जाणं मिळून 41,000 च्या आसपास गेले. घरामागे 900 रुपये वर्गणी काढली. पावत्या एका फाईलला लावून ती किराणा दुकानात ठेवली होती, ज्याला वाटेल त्यानं बघावी. त्यामुळे पैशांवरून कधी शब्द निघाला नाही. वर पैसे मागणारं कुणी भेटलं नाही, हेही नोंदवते.

आता कुणी असा अर्ज करत असेल तर आमच्याजवळ नसलेला एक आधार त्यांना आहे. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की पादचाऱ्यांना वापरता येण्याजोगा फूटपाथ मिळणं हा घटनेच्या अनुच्छेद 21 खालच्या हक्काचा भाग आहे आणि तो अपंग व्यक्तींनाही वापरता आला पाहिजे. अर्जात त्याचा उल्लेख जरूर करा. वहीतली मोजणी मात्र तरीही करा.

सुधारित नकाशाच्या प्रती ग्रामपंचायत, शाळा आणि पटवारी कार्यालय अशा तिन्ही ठिकाणी दिल्या आहेत. पायवाटेवर दोन दिवे हवेत, कारण हिवाळ्यात ट्यूशनहून पोरी परततात तेव्हा अंधार असतो. 1 मे च्या ग्रामसभेत तो विषय मंजूर झाला असून पुढच्या वर्षाच्या गाव विकास आराखड्यात दिव्यांची रक्कम धरली आहे. त्या ठरावाची प्रत घ्यायला सोमवारी जायचं आहे.